मानमोडीची लस आणि आपले दान




गेल्या अंकात संस्थेच्या वार्षिक खर्चाचा गोषवारा छापला होता. त्यात 'पशुवैद्यकीय लस, प्रशिक्षण व विद्यार्थी साहाय्य' अशी एक ओळ होती. ती वाचून एका ज्येष्ठ वाचक भगिनींचा फोन आला. वसतिगृहातील मुलींसाठी त्या वर्षानुवर्षे नेमाने देणगी पाठवतात. त्यांनी सरळच विचारले, "बाई, मुलींना हिवाळ्यात पांघरुणे कमी पडतात असे तुम्हीच लिहिता. मग कोंबड्यांच्या औषधावर पैसा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. देणाऱ्याला तो विचारण्याचा हक्क आहे आणि उत्तर देणे हे आमचे कर्तव्य आहे. फोनवर मी थोडक्यात सांगितले. पण हाच प्रश्न आणखी काहींच्या मनात असणार, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

कोंबडी म्हणजे बाईची रोकड

सातपुड्याच्या पाड्यांवर जमीन बहुधा पुरुषाच्या नावावर असते. बैलाचा व्यवहार पुरुष करतो. बकरी विकायची तर घरात चार जणांचा विचार घ्यावा लागतो. कोंबड्या मात्र बाईच्या असतात. सकाळी डालग्याखालून त्यांना सोडायचे, मूठभर ज्वारी किंवा मका टाकायचा, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची, घार आणि मुंगसापासून पिल्ले राखायची, हे सारे तीच करते. कोंबडा कधी विकायचा हेही तीच ठरवते.

तो विकला जातो धडगाव, मोलगी किंवा अक्कलकुव्याच्या आठवडे बाजारात. गावठी कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा चांगला भाव मिळतो. त्या पैशातून तेल-मीठ येते, जीपचे भाडे निघते, तापलेल्या लेकराला दवाखान्यात नेता येते. जून महिन्यात वह्या, दप्तर आणि वसतिगृहात सोडायला जाण्याचा खर्चही पुष्कळदा याच पैशातून होतो. पाड्यावर बँक नसते, पण घरामागे चार-दोन कोंबड्या फिरत असतात. अडचण आली की त्यांतली एक कामी येते.

अशा घरात मानमोडी शिरली की आठवडाभरात खुराडे रिकामे होते. ज्या बाईकडे रविवारी दहा कोंबड्या होत्या, तिच्याकडे पुढच्या रविवारी एखादी उरते, नाहीतर तीही नाही. याचा पंचनामा होत नाही आणि भरपाईही मिळत नाही. मग सावकाराकडे जायचे, नाहीतर मुलीला यंदा घरीच ठेवायचे. वसतिगृहातील मुलगी आणि परसातील कोंबडी यांचा संबंध इतका जवळचा आहे.

आजार जुना, लसही जुनी

मानमोडीचे पुस्तकी नाव रानीखेत रोग. जगात त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराजवळ आणि त्याच सुमारास जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. त्यानंतर थोड्याच काळात तो कुमाऊँच्या डोंगरातील रानीखेत येथे सापडला आणि भारतात त्याला तेच नाव पडले. आपल्या माणसांनी मात्र डोळ्यांनी दिसले तसे नाव ठेवले. आजारी कोंबडीची मान वळते, पिळवटते, डोके मागे जाते, म्हणून मानमोडी.

कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसते, हिरवट पातळ हगवण लागते, श्वास घरघरतो, पाय लुळे पडतात. लस न दिलेल्या कळपात बहुतेक सगळ्या कोंबड्या मरू शकतात. रोग विषाणूचा आहे, त्यामुळे तो झाल्यावर औषध नाही. तरीही घाबरलेली माणसे दुकानातून प्रतिजैविकाची पुडी आणतात आणि पाण्यात कालवून पाजतात. पैसे जातात आणि कोंबडीही जाते. काही जण आजारी कोंबडी मरण्याआधी घाईघाईने बाजारात विकतात, आणि रोग डालग्यात बसून दुसऱ्या गावाला पोहोचतो.

पण या रोगावर लस आहे आणि ती आजकालची नाही. आपल्या देशातील मुक्तेश्वर येथील संशोधन केंद्रात १९४० च्या आसपास या रोगाच्या विषाणूवर काम होऊन लस तयार झाली. आज पिल्लाला पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब देतात आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर इंजेक्शनने दुसरी लस देतात. महाराष्ट्रात पुण्याच्या औंध येथील सरकारी पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्था ही लस बनवते. खासगी कंपन्याही बनवतात. एका मात्रेची किंमत एका अंड्यापेक्षा पुष्कळच कमी आहे.

मग ती पाड्यावर का नाही?

इथे खरी मेख आहे. लस मोठ्या पोल्ट्रीसाठी बांधलेली असते. कुपी शेकडो मात्रांची, कधी हजाराची. ती उणे-अधिक न होता दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. एकदा द्रावकात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यावी लागते. वीस हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये यात काहीच अडचण नाही. पण पाड्यावर पंधरा घरे पंधरा टेकड्यांवर असतात. एका घरी सहा कोंबड्या, दुसऱ्या घरी अकरा. त्यांना पकडायचे तर अंधार पडल्यावर किंवा पहाटे सोडण्याआधी. वीज कधी असते, कधी नसते. तालुक्याच्या फ्रीजपासून शेवटच्या पाड्यापर्यंत अर्धा दिवस लागतो.

कंपनीने लहान कुपी काढायचे म्हटले तर आतल्या लशीपेक्षा काच, बूच आणि वेष्टनाचाच खर्च जास्त होतो. घेणारी बाई गरीब, अंतर लांब, नफा नावाला. त्यामुळे औषध कंपन्यांचे संशोधन दुभत्या गायी, शहरातील पाळीव कुत्री आणि मोठ्या पोल्ट्रीकडे वळते. यात कुणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. बाजार विकत घेणाऱ्याकडे पाहतो, आणि पाड्यावरची बाई बाजाराच्या हिशेबात येतच नाही.

सरकारचे काय? सरकार करते, पण सरकारलाही क्रम लावावा लागतो. २०१९ साली केंद्र सरकारने लाळ-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांसाठी १३,३४३ कोटी रुपयांचा राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला. गुराढोरांसाठी ते मोठेच काम आहे. परसातली कोंबडी मात्र त्यात नाही. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे गावे भरपूर आणि हाताखाली माणसे थोडी. आठ कोंबड्यांसाठी डोंगर चढून यायला त्यांना सवड कुठून मिळणार?

थोडक्यात, विज्ञान तयार आहे आणि गरजू माणूसही तयार आहे, मधली वाट बांधायला कुणी नाही. धर्मादाय पैशाचे स्थान मला नेमके इथे दिसते. बाजाराला जे परवडत नाही आणि सरकारच्या यादीत जे अजून आलेले नाही, ते काम दानाच्या पैशाने सुरू करता येते.

दानाच्या आणि मदतीच्या पैशाने काय घडले

ही कल्पना आपल्या संस्थेने शोधलेली नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात पीटर स्प्रॅडब्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावठी कोंबड्यांसाठीच या रोगाची लस शोधायला घेतली. ऑस्ट्रेलिया सरकारच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन मदतीतून त्यांना पैसा मिळाला. त्यांना असा सौम्य विषाणू हवा होता जो कोंबडीला आजारी पाडणार नाही, पण उष्णता मात्र सोसेल. त्यांनी निवडलेल्या विषाणूला आय-२ म्हणतात. त्यापासून बनवलेली सुकी लस फ्रीजबाहेर काही आठवडे टिकू शकते. याचा अर्थ ती उन्हात ठेवली तरी चालते असा नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून, सावलीत, काळजीपूर्वक नेली तर शेवटच्या घरापर्यंत जिवंत पोहोचते, इतकेच. पण ज्या गावात फ्रीजच नाही तिथे हे 'इतकेच' फार मोठे आहे.

दुसरी गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. या विषाणूचे मूळ बीज विकसनशील देशांतील प्रयोगशाळांना मोबदला न घेता देण्यात आले. मोझांबिक, टांझानिया यांसारख्या देशांनी त्यापासून आपापल्या देशात लस बनवली. तिथे गावकऱ्यांमधूनच लसीकरण करणारे तयार केले आणि साधारण दर चार महिन्यांनी, मार्च, जुलै आणि नोव्हेंबरमध्ये, डोळ्यात एक थेंब देण्याची पद्धत बसवली. मोझांबिकमध्ये या कामात रॉबिन आल्डर्स या पशुवैद्य बाईंचा मोठा वाटा आहे. कोणत्या प्लास्टिकच्या बाटलीतून किती मोठा थेंब पडतो, एका कुपीत किती द्रावक घातले म्हणजे एका थेंबात एक पूर्ण मात्रा येईल, अशा बारीक गोष्टींवरही तिथे काम झाले. वरवर क्षुल्लक वाटते, पण थेंब लहान पडला तर लस दिली असे वहीत लिहिले जाईल आणि कोंबडी तरी मरेल.

स्कॉटलंडमधील एडिनबर्ग येथे गॅल्व्हमेड नावाची धर्मादाय संस्था आहे. गरीब पशुपालकांच्या जनावरांची औषधे आणि लसी यांवरच ती काम करते. गेट्स फाउंडेशन आणि ब्रिटिश सरकारच्या मदतनिधीतून तिला पैसा मिळाला. ती स्वतः कारखाना काढत नाही. संशोधक, लस बनवणारी कंपनी आणि गावातील स्वयंसेवी संस्था यांना ती एकत्र आणते आणि कंपनीला ज्या टप्प्यात तोटा दिसतो त्या टप्प्याचा भार उचलते. ओडिशातील आदिवासी भागातही परसातील कोंबड्यांच्या लसीकरणाचे काम तिच्या साहाय्याने झाले आहे.

कोंबडीपासून थोडे दूरचे, पण आपल्या समजुतीला उपयोगी असे एक उदाहरण सांगते. आपल्याकडची गिधाडे १९९० च्या दशकात झपाट्याने नाहीशी झाली. पाड्याबाहेर टाकलेले मेलेले ढोर तासाभरात साफ व्हायचे, ते कुत्र्यांच्या तावडीत सडू लागले. कारण कुणालाच कळेना. २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून ते उघड झाले. गुरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करत होते. हा अभ्यास पेरेग्रीन फंड या अमेरिकेतील धर्मादाय संस्थेने हाती घेतला होता. मग प्रश्न आला की शेतकऱ्याने लंगडत्या बैलाला काय द्यायचे? मेलॉक्सिकॅम हे दुसरे औषध बाजारात होते. ते गिधाडांना बाधत नाही हे तपासण्यात कुठल्या कंपनीला फायदा होता? ती तपासणी पक्षी-संरक्षण करणाऱ्या संस्था आणि मदतनिधी यांच्या आधाराने झाली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली तेव्हा शेतकऱ्याला सांगायला दुसरे औषध हाताशी होते.

आणि आपल्या घरचे उदाहरण? मुंबईच्या परळ येथे सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दानातून १८८० च्या दशकात जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नी बाई साकरबाई यांचे नाव आहे. १८८६ साली त्याच आवारात मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज महाराष्ट्रभर काम करणाऱ्या कितीतरी पशुवैद्यांच्या शिक्षणाची मुळे एका पारशी गृहस्थाच्या त्या दानात आहेत. जनावराचे रुग्णालय आणि विद्यार्थ्याचे शिक्षण एकाच दानातून उभे राहते, हे आपल्या राज्याने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

थेंब टाकणारा हात

लस चांगली असून भागत नाही, ती टाकणारा हात तयार लागतो. उमेद अभियानात गावोगावी पशुसखी नेमल्या गेल्या आहेत. आपल्या प्रशिक्षणातही बहुतेक बायाच असतात, कारण कोंबडी बाईची आणि बाईच्या घराच्या मागच्या अंगणात बाईच सहज जाऊ शकते.

त्यांना काय शिकवायचे? बर्फाच्या पेटीत कुपी कशी ठेवायची, द्रावकही थंडच का लागतो, मिसळल्यावर घड्याळ का बघायचे. कोंबडीचे डोके आडवे धरून थेंब डोळ्यात पडेपर्यंत आणि तिने पापणी मिटेपर्यंत थांबायचे. आजारी कोंबडीला लस द्यायची नाही, कारण ती दोन दिवसांनी मेली तर सारा पाडा म्हणेल की लशीनेच मेली, आणि पुढच्या वेळी दारे बंद होतील. इंजेक्शनची लस लहान पिल्लाला द्यायची नाही. नव्या पिल्लांसाठी पुन्हा यावेच लागते. वहीत घराचे नाव, कोंबड्यांची संख्या, तारीख आणि कुपीचा क्रमांक लिहायचा.

आणि काय करायचे नाही तेही शिकवावे लागते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्याचा आहे. लसीकरणासारखी किरकोळ सेवा त्यांच्या देखरेखीखालीच, राज्य सरकारने परवानगी दिलेल्या माणसाने करायची असते. म्हणून आपले प्रत्येक शिबिर पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगून, त्यांच्या मार्गदर्शनाखालीच होते. पशुसखी म्हणजे छोटी डॉक्टर नव्हे, डॉक्टर आणि पाडा यांच्यामधली ती विश्वासाची कडी आहे.

ही कडी किती महत्त्वाची आहे हे नंदुरबार जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातील बर्ड फ्लूची पहिली नोंद नवापूर येथे झाली. कोंबड्या मरू लागल्या तेव्हा सुरुवातीला अनेकांना ती मानमोडीच वाटली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले गेले तेव्हा खरे कारण कळले आणि मग परिसरातील कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. हे दोन्ही रोग नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. मानमोडीचा माणसाला फारसा त्रास नाही, फार तर डोळे येतात. बर्ड फ्लू मात्र माणसाच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या की त्या कापायच्या नाहीत, खायच्या नाहीत, नदीत टाकायच्या नाहीत, त्याच दिवशी दवाखान्याला कळवायचे. ज्या पाड्यावर लस नियमित होते तिथे अशी मरतूक चटकन वेगळी दिसते, कारण तिथे मानमोडीचा संशय आधीच कमी झालेला असतो.

पाड्यातला पशुवैद्य

दुसरे प्रशिक्षण लांब पल्ल्याचे आहे. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशा ठिकाणच्या महाविद्यालयांत मिळते. प्रवेशासाठी नीट परीक्षा द्यावी लागते. अनुसूचित जमातींसाठी सात टक्के जागा राखीव आहेत आणि सरकारी शिष्यवृत्तीही आहे.

तरी वाट सोपी नाही. आश्रमशाळेत मराठीतून जीवशास्त्र शिकलेला मुलगा महाविद्यालयात जातो तेव्हा पहिल्या दिवसापासून सगळे इंग्रजीत असते. घरी तो भिलोरी किंवा पावरी बोलतो, म्हणजे इंग्रजी त्याची तिसरी-चौथी भाषा. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण खात्यात येते उशिरा, आणि खानावळीचे पैसे मात्र महिन्याच्या सुरुवातीला द्यावे लागतात. पुस्तके, पांढरा कोट, शवविच्छेदनाची हत्यारे, घरी जायचे भाडे या लहान लहान रकमांवर मुले अडतात आणि मनाने खचतात. आपला निधी इथेच वापरला जातो. फी भरण्यापेक्षा शिष्यवृत्ती येईपर्यंतचे महिने तगवणे आणि पहिल्या वर्षी इंग्रजीसाठी शिकवणी देणे जास्त उपयोगी पडते असा आमचा अनुभव आहे.

संशोधनासाठी पैसा म्हटले की आपल्याला मोठी प्रयोगशाळा आणि कोट्यवधी रुपये डोळ्यांसमोर येतात. पण पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवाच असतो. महाविद्यालयाजवळच्या पोल्ट्रीत नमुने सहज मिळतात, म्हणून अभ्यासही तिथेच होतो. त्याला पाड्यावर यायचे भाडे, राहायची सोय, नमुने थंड ठेवायची पेटी आणि सोबत बोली जाणणारी पशुसखी मिळाली तर तोच विद्यार्थी आपल्या कोंबड्यांवर अभ्यास करील. लस देण्याआधी आणि दिल्यानंतर काही आठवड्यांनी कोंबडीच्या पंखाखालच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. प्रयोगशाळेत त्या रक्तात रोगाला अडवणारी प्रतिद्रव्ये किती तयार झाली हे मोजतात. त्यावरून कळते की डोंगर चढून आलेली लस खरोखर जिवंत पोहोचली की वाटेतच मेली. हा प्रश्न शहरातल्या कुणाला पडत नाही, आणि आपल्या पाड्यासाठी याहून महत्त्वाचा प्रश्न नाही. थोड्या पैशात विद्यार्थी शिकतो, आपल्याला उत्तर मिळते आणि पुढच्या वर्षीचे काम सुधारते.

दान कुठे वाया जाते

दान चांगल्या मनाने दिले तरी चुकीच्या जागी पडू शकते. काही वर्षांपूर्वी आमच्याजवळच्या एका भागात एका संस्थेने सुधारित जातीच्या कोंबड्या घरोघर वाटल्या. मोठा कार्यक्रम झाला, बायांच्या हातात कोंबड्या देऊन फोटो निघाले. लशीची तरतूद मात्र कुणी केली नव्हती. उन्हाळ्यात मानमोडी आली आणि वाटलेल्या कोंबड्यांबरोबर घरच्या जुन्याही गेल्या. कोंबडी देतानाचा फोटो छापता येतो. जी कोंबडी मेली नाही तिचा फोटो कसा काढणार? म्हणूनच लशीला देणगीदार कमी मिळतात.

दुसरा धोका फुकटाचा. प्रकल्पाच्या तीन वर्षांत सगळे मोफत दिले, पैसा संपल्यावर फ्रीज बंद पडला आणि लसीकरण करणाऱ्या बाया घरी बसल्या, असेही घडते. म्हणून आम्ही प्रत्येक कोंबडीमागे अगदी थोडे पैसे घेतो, ज्यांच्याकडे नसतील त्यांच्याकडून अंडे घेतो. ते पशुसखीचे. तिला तिच्या मेहनतीचे मोल मिळते, आणि घरधनीण पैसे दिल्यामुळे हक्काने विचारते की पुढचा थेंब कधी. दानाच्या पैशाने प्रशिक्षण, बर्फाची पेटी, फ्रीज, विद्यार्थी आणि तपासणी हे करावे. रोजचा थेंब पाड्याने स्वतःच्या पैशाने घ्यावा. तरच आपण उद्या तिथे नसलो तरी काम चालेल.

तिसरी गोष्ट मी स्पष्ट लिहिते, कारण आपण ख्रिस्ती संस्था आहोत. लस देताना घर कुणाचे हे आपण विचारत नाही. त्या घरात याहामोगीची पूजा होते की येशूची प्रार्थना, याचा थेंबाशी संबंध नाही. मानमोडी तसा भेद करत नाही, आणि एक घर वगळले तर रोग त्याच घरातून सगळ्या पाड्यावर येतो. सेवेच्या बदल्यात काही मागितले तर ती सेवा राहत नाही, तो सौदा होतो.

पवित्र शास्त्राच्या उजेडात

पशूंची काळजी हा सुवार्तेच्या कामाला जोडलेला ठिगळाचा तुकडा आहे असे मला वाटत नाही. नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान माणसाची एक खूण सांगितली आहे, आणि ती खूण उपासनेच्या जागी नव्हे तर गोठ्यात दिसते. मत्तय २३:३७ मध्ये यरुशलेमेसाठी विलाप करताना प्रभूने स्वतःसाठी उपमा निवडली ती सिंहाची किंवा गरुडाची नव्हे, पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची. ही उपमा पाड्यावरच्या बाईला समजावून सांगावी लागत नाही. घार दिसली की आपली कोंबडी काय करते हे ती रोज पाहते.

म्हणून फोन करणाऱ्या भगिनींना माझे उत्तर असे: पांघरुणाचा पैसा पांघरुणालाच जाईल, त्यातला एक रुपयाही आम्ही वळवत नाही. पशुसेवेचा निधी वेगळा आहे आणि त्याचा हिशेब वेगळा छापला जातो. पण पांघरूण घेणारी मुलगी वसतिगृहापर्यंत पोहोचते ती पुष्कळदा आईने विकलेल्या कोंबड्याच्या पैशावर. तो कोंबडा जगला पाहिजे.

या वर्षी काय करायचे आहे

उन्हाळ्याच्या आधी एक, पावसाळ्याच्या तोंडावर एक आणि दिवाळीनंतर एक अशा तीन फेऱ्या आपल्या कार्यक्षेत्रातील पाड्यांवर करायच्या आहेत. नव्या पशुसखींचे प्रशिक्षण तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सहकार्याने होईल. पशुवैद्यक शिकणाऱ्या आदिवासी मुलामुलींना शिष्यवृत्ती येईपर्यंत आधार द्यायचा आहे. आणि शक्य झाल्यास एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या अभ्यासासाठी प्रवास व नमुन्यांचा खर्च उचलायचा आहे.

ज्यांना देणगी द्यावीशी वाटते त्यांनी 'पशुसेवा निधी' असा उल्लेख करून ती नेहमीच्या पद्धतीने संस्थेकडे पाठवावी. पैसा नसेल तर दुसरे सहाय्यही चालेल. आपल्या मंडळीत कुणी निवृत्त पशुवैद्य असतील तर त्यांना आमच्याबद्दल सांगा. बारावी विज्ञानाच्या मुलांना इंग्रजी आणि जीवशास्त्र शिकवू शकणारे शिक्षक असतील तर सुटीतले पंधरा दिवस आम्हाला द्या.

आणि प्रार्थनेत आमची आठवण ठेवा: डोंगर चढणाऱ्या पशुसखींसाठी, पहिल्या वर्षात एकटी पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी, प्रयोगशाळेत शांतपणे काम करणाऱ्या संशोधकांसाठी आणि यंदाच्या उन्हाळ्यात खुराडी भरलेली राहावीत म्हणून.

ख्रिस्तात आपली भगिनी,
समाजसेविका, पशुसेवा विभाग